उधन्याच्या फलाटावरून परत

गेल्या महिन्यात इथे कुणीतरी १९९४ च्या प्लेगचा विषय काढला होता आणि खाली बऱ्याच जणांनी "आम्ही तेव्हा गावी गेलो होतो", "आमचे वडील एकटेच मागे राहिले होते" असं लिहिलं. मी तेव्हा गप्प बसले. माझी आठवण सांगण्यासारखी आहे की लपवण्यासारखी, हे मलाच ठरवता येत नव्हतं. पण दिवाळीच्या आधी घरात असं काही घडलं की लिहायलाच बसले. लांबलंय, सवडीने वाचा.

आम्ही मूळचे अमळनेर तालुक्यातले. हे १९८१ मध्ये पांडेसऱ्याच्या एका डायिंग हाउसमध्ये लागले. मी लग्न होऊन १९८७ मध्ये सुरतेला आले आणि नंतर महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवायला लागले. तेव्हा उधन्याला दोन खोल्यांचं घर होतं, पुढे ओटा, मागे सामायिक नळ. शेजारी निम्मे खानदेशी, दोन घरं ओडिशाची, एक उत्तर प्रदेशचं, आणि घरमालक सुरतीच. नवीन पिढीला ही सरमिसळ आता दिसणार नाही. सगळे अडाजण नाहीतर पालला फ्लॅटमध्ये गेले.

त्या वर्षी पाऊस फार झाला होता. उकाईतून पाणी सोडलं, तापीचं पाणी खालच्या वस्त्यांत शिरलं, आणि ओसरल्यावर जो चिखल राहिला तो कितीतरी दिवस उचललाच गेला नाही. मेलेली जनावरं, कुजलेलं धान्य, सगळं त्यात. तेव्हाची सुरत ज्यांनी पाहिलीय त्यांना मी काय सांगते ते कळेल. नाकाला पदर लावूनच बाजारात जायचं. तिकडे मराठवाड्यात आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. ऑगस्ट १९९४ अखेरीस बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडल्याच्या बातम्या आल्या. भूकंपानंतर लोक घरं सोडून बाहेर राहायला गेले, आत धान्य तसंच पडून राहिलं, उंदीर वाढले, असं तेव्हा सांगितलं जायचं. आम्ही पेपरात वाचलं आणि पान उलटलं. बीड कुठे, सुरत कुठे.

१८ सप्टेंबरला, रविवारी, अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाला नेहमीसारखीच गर्दी. मी थोरलीला कडेवर घेऊन मिरवणूक बघायला उभी होते. ती पाच वर्षांची, गुलालाने लाल झालेली. मंगळवारी संध्याकाळी तिचं अंग तापलं. नाक गळायला लागलं, खोकला, डोळे लालबुंद. मी म्हटलं, गर्दीतलं बाधलं असेल, पावसात भिजली असेल. गुळवेलीचा काढा, बाम, झोप.

बुधवारी रात्री वेड रोडकडून बातमी आली. आली म्हणजे काय, कुणी स्कूटरवरून आलं आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बोललं. फुलपाडा, कतारगाम, वेड रोड या भागात माणसं एकदम मरतायत. ताप येतो, खोकल्यातून रक्त येतं आणि दोन दिवसांत माणूस जातो. पाण्यात विष कालवलंय, असंही कुणी म्हणालं. गुरुवारी सकाळी 'प्लेग' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. घरमालक कुलूप हातात घेऊन सांगायला आले, "बेन, सुरत खाली थाय छे. तमे पण नीकळो."

आणि खरोखरच शहर रिकामं व्हायला लागलं. किती माणसं गेली याचे आकडे वेगवेगळे सांगतात, पण लाखांत गेली यात वाद नाही. चार-पाच दिवसांत शहराचा चौथा हिस्सा गेला असावा असं म्हणतात. लूम बंद, डायिंग बंद, हिऱ्याचे कारखाने बंद, शाळा आणि सिनेमागृहं बंद. रस्त्यावर जो दिसेल त्याच्या तोंडाला रुमाल. मेडिकलच्या दुकानांतून टेट्रासायक्लीन पहिल्याच दिवशी संपली. पुष्कळ खासगी दवाखान्यांना कुलपं लागली. डॉक्टरही माणसंच, त्यांनाही मुलंबाळं होती, आज मी त्यांना दोष देत नाही. तेव्हा मात्र शिव्याच दिल्या होत्या. नव्या सिव्हिल हॉस्पिटलात रुग्ण ठेवले होते आणि काही जण तिथून पळून गेले, म्हणून बाहेर रॅपिड ॲक्शन फोर्स उभी केली. ते ऐकून तर तापाचं माणूस घरात आहे हे कुणी बोलेचना. बोललं की नेतील, आणि नेलं की परत येणार नाही, अशी सगळ्यांची समजूत.

आमच्या घरात तापाचं माणूस होतं.

गुरुवारी दुपारी माझे धाकटे दीर लिंबायतहून आले. त्यांची बायको बाळंतपणाला गावी, वीस दिवसांचं बाळ. ते म्हणाले, "वहिनी, पहाटेची भुसावळ गाडी. जागा मिळो न मिळो, चढायचं." हेसुद्धा लगेच तयार झाले. मी थर्मामीटर दाखवलं. एकशे दोन. हे म्हणाले, "म्हणूनच निघायचं. इथे डॉक्टर नाही, औषध नाही. गावी आई आहे, तालुक्याला दवाखाना आहे. इथे ठेवून पोरीला मारायचंय का?"

त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. दोन्हीकडे भीतीच होती. आणि खरं सांगते, मलाही जायचंच होतं. मी पिशवी भरली, घागर पालथी घातली, देवाला नमस्कार केला. पहाटे साडेतीनला पोरीला उठवून तापाचं औषध दुप्पट पाजलं. ताप उतरावा म्हणून दिलंच, पण त्याहून जास्त हे की स्टेशनवर कुणी कपाळाला हात लावला तर गरम लागू नये. हे मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. डोळे लाल दिसू नयेत म्हणून काजळ घातलं. तोंडाला रुमाल तर सगळ्यांच्याच होता.

उधना स्टेशन तुम्हाला माहीतच आहे, तापी लाइन तिथूनच फुटते. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात, लहानपणी मुलांना आम्ही दाखवायचो, बघ आता आपण देश ओलांडला. त्या पहाटे फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गाठोडी, ट्रंका, म्हातारी माणसं, टोपलीत कोंबड्यासुद्धा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी नंतर कधी अनुभवली नाही, २०२० मध्येही नाही.

गाडीला उशीर होता. मी खांबाला टेकून बसले. पोर मांडीवर. शेजारी एक आजीबाई, त्यांच्याजवळ दोन-तीन वर्षांचा नातू. पोरगी खोकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. आजूबाजूची माणसं सरकली. आजीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या अहिराणीत विचारलं, "पोरले लईसन कथा चालनात?" पोरीला घेऊन कुठे निघालात. रागाने नाही, आपण सहज विचारतो तसं. मी गावाचं नाव सांगितलं. "घरमां कोन कोन शे?" घरात कोण कोण आहे. मी सांगायला लागले, सासू, जाऊ, जावेचं बाळ, मोठ्या दिरांची मुलं... आणि सांगता सांगताच माझी बोलती बंद झाली. आजीबाई काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी नातवाच्या तोंडावरून पदर ओढला, गाठोडं उचललं आणि गर्दीतून वाट काढत फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या.

गाडी आली. दीर खिडकीतून आत गेले आणि हात पुढे केले, "द्या तिला." मी दिलं नाही. ह्यांनी माझा दंड धरला. मी म्हटलं, तुम्ही जा, मी हिला घेऊन घरी चालले. भर फलाटावर आमचं भांडण झालं, ते सगळं इथे लिहीत नाही. गाडी सुटली. दीर गेले, आम्ही तिघं मागे राहिलो. घरापर्यंत चालत आलो आणि दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत.

आता थोडं मागचं सांगते, कारण शिक्षिका होते, सवय जात नाही.

प्लेग आला की पळायचं, ही काही सुरतेची रीत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईला मांडवीत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत साडेआठ लाखांच्या मुंबईतून जवळपास निम्मी माणसं निघून गेली. गिरण्या ओस पडल्या. माणसं गेली तिथे साथही गेली, पुणे आणि कराची आणि पुढे कुठे कुठे. मग सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला, रेल्वेच्या फलाटांवर तपासण्या सुरू झाल्या. तिसऱ्या वर्गाचे उतारू खाली उतरवायचे, काखा आणि जांघा चाचपायच्या, बायकांनाही सोडायचे नाहीत. जरा गरम लागलं की छावणीत. पुण्यात रँडच्या अंमलाखाली काय झालं आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी काय केलं, ते शाळेत सगळे शिकलोच. पण शाळेत शिकवताना मी एक गोष्ट कधी सांगितली नव्हती, कारण मलाही तेव्हा सुचली नव्हती. लोक ताप का लपवत होते? चोर होते म्हणून नव्हे. उघड केलं की माणूस हातचं जाईल, ही भीती. माझ्या डोळ्यांसमोर काजळाची डबी येते.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याचा गायकवाडांचा पांडुरंग नावाचा मुलगा प्लेगने पडला होता. त्याला पाठीवर घेऊन त्या हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात, पोचल्या. मुलगा वाचला, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दरवर्षी ३ जानेवारीला मुलांना मी हे सांगायचे. १९९५ च्या जानेवारीत सांगायला उभी राहिले तेव्हा पहिल्यांदाच आवाज अडखळला. त्याही आजारी पोराला घेऊनच निघाल्या होत्या, पण दवाखान्याकडे.

आमच्या सासूबाई शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांच्या आईकडून ऐकलेलं त्यांना पाठ होतं. 'पलेगच्या साली' उंदीर पडायला लागले की अख्खं गाव उठून रानात झोपड्या करायचं आणि साथ सरेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही. परगावचं माणूस आलं तर त्याला आधी मळ्यात ठेवायचं. हे सगळं आम्हाला कळलं ते नंतर, कारण आमच्या दिरांच्या बाबतीत तेच झालं. ते अमळनेरला उतरले आणि गावात पोचले, तर वेशीवरच सासूबाई उभ्या. सुरतहून आलेल्या पोटच्या पोराला त्यांनी घरात घेतलं नाही. मळ्यातल्या खोपीत दहा दिवस ठेवलं. भाकरी बांधावर ठेवायच्या आणि लांबून हाक मारायची. दिरांना तान्हं लेकरू दुरूनच दाखवलं. ते पुष्कळ वर्षं हे मनात धरून होते. आईने मला कुत्र्यासारखं बांधावर जेवायला घातलं, म्हणायचे. आता हसतात.

फुप्फुसाच्या प्लेगला लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात. म्हणजे दहा दिवस हे खरं तर जास्तच झाले. पण त्यांना कोण सांगणार होतं, आणि सांगितलं असतं तरी सासूबाईंनी दोन दिवस वाढवलेच असते.

इकडे आमचं काय झालं. शुक्रवारी, म्हणजे फलाटावरून आलो त्याच रात्री, पोरीच्या कानामागे आणि कपाळावर बारीक लाल पुरळ दिसलं. मी कंदील जवळ नेला आणि हात कापायला लागले. सकाळी तोंडभर पसरलं. दोन गल्ल्या पलीकडे एक म्हातारे डॉक्टर होते, ते कुठे गेले नव्हते. "मी या वयात कुठे पळू," म्हणायचे. त्यांनी दारातच पोरीला बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि बॅटरी गालाच्या आत मारली. मलाही बोलावून दाखवलं. आत रव्याच्या कणासारखे पांढरे ठिपके. म्हणाले, "प्लेग नाही. ओरी आहे, तुमचा गोवर."

मी तिथेच ओट्यावर बसून रडले, आनंदाने. डॉक्टरांनी मला रडू दिलं आणि मग विचारलं, लस? लस राहिली होती. नवव्या महिन्यात मी गावी होते, मग आज उद्या, मग राहूनच गेली. शिक्षिका असून. टेट्रासायक्लीन कुठून तरी आणून ठेवली होती ती त्यांनी काढून घेतली. आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत, दात कायमचे पिवळे पडतात. त्या आठवड्यात सुरतेत किती लहान मुलांना आईबापांनी ती चारली असेल कोण जाणे. अ जीवनसत्त्वाचा डोस दिला, पाणी पाजत राहा म्हणाले. शेजारच्या ओडिया बाईने दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. मी नऊ दिवस फोडणी दिली नाही. डॉक्टरांचंही ऐकलं आणि देवीचंही.

मग मी विचारलं, "म्हणजे गावी नेलं असतं तरी चाललं असतं?" डॉक्टर चष्म्यावरून बघतच राहिले. म्हणाले, "बेन, प्लेगपेक्षा गोवर जास्त भरभर लागतो." हे मला तेव्हा खरं वाटलं नाही. नंतर वाचलं. गोवर न झालेली, लस न घेतलेली दहा माणसं अशा रुग्णाच्या सहवासात आली तर नऊ जणांना होतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहतो. आणि पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यावर चार दिवसांपर्यंत लागतो. गावच्या घरात पाच वर्षांखालची पाच पोरं होती. किती जणांची लस झाली होती, ते जाऊबाईंनाही आठवत नव्हतं.

पुरळ शुक्रवारी रात्री उठलं. फलाटावर आम्ही शुक्रवारी पहाटे होतो. पाऊण तास. खोकत.

तो पदराखालचा नातू मला अजून दिसतो. आजीबाई लांब गेल्या ते किती वेळाने गेल्या, हे मी पुष्कळदा मोजायचा प्रयत्न केलाय. गाडीत ती सगळी माणसं सात-आठ तास एकमेकांना चिकटून बसली असतील, आणि नंदुरबार, दोंडाईचा, धरणगाव अशी गावोगाव उतरली असतील. प्लेगचे मृत्यू सरकारने मोजले, पन्नासहून थोडे अधिक झाले, देशभरातून काही हजार संशयित. तो प्लेग होता की नव्हता यावरही मोठा वाद झाला, शेवटी डॉक्टर रामलिंगस्वामींच्या समितीने प्लेगच होता असं सांगितलं. त्या आठवड्यात खानदेशात गोवर किती पोरांना झाला, हे मात्र कुणी मोजलं असेल असं वाटत नाही. गोवर तर होतच असतो, म्हणायचे तेव्हा.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. शहर हळूहळू भरलं, ३ नोव्हेंबरच्या दिवाळीपर्यंत बरीच माणसं परतली. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त होऊन आले, आणि साहेबलोक सकाळी सातला गटारींवर उभे दिसायला लागले. १९९६ मध्ये इन्टॅकने चंदीगडनंतरचं दुसरं स्वच्छ शहर म्हणून सुरतेचं नाव घेतलं तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. आमचे हे म्हणाले, "शिवाजी महाराजांनी दोनदा लुटली, पण सुरतेला साफ रावांनीच केली." असले विनोद त्यांचे.

आता दिवाळीआधीची गोष्ट. तीच थोरली, आता तिला सात वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. सासरच्या सगळ्यांचं मिळून महाबळेश्वर ठरलेलं, अकरा माणसं. सहा महिन्यांपूर्वी हॉटेलचे पैसे भरलेले, परत मिळणार नाहीत असे. निघायच्या तीन दिवस आधी नातवाच्या पोटावर दोन फोड दिसले. तिने मला व्हिडिओ कॉल लावला. मी म्हटलं, कांजण्या आहेत, डॉक्टरांना दाखव. डॉक्टर तेच म्हणाले. संध्याकाळी तिचा परत फोन.

"आई, ताप फार नाहीये. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला तर दिसतही नाही. आपल्या गाडीनेच जायचंय. तापाचं औषध देऊन नेलं तर?"

मी गप्प. ती म्हणाली, "आई, ऐकतेयस ना?"

तिला ती पहाट आठवत नाही. काजळ घातल्याचं आठवत नाही, आजीबाई आठवत नाहीत. तिला फक्त 'लहानपणी गोवर झाला होता, तेव्हा प्लेग होता' एवढंच माहीत, आणि फोडणीशिवायची डाळ. मी तिला सगळं सांगितलं, दुप्पट औषधासकट. पलीकडून आवाज नाही. मग म्हणाली, "बाबांना माहितीये?" म्हटलं, नाही.

तिच्या नणंदेला चौथा महिना. हे मला तेव्हाच कळलं, तोपर्यंत त्यांनी घरातल्या घरातच ठेवलं होतं. गर्भारपणात कांजण्या म्हणजे खेळ नाही, आईलाही फुप्फुसाचा त्रास होतो आणि बाळालाही धोका असतो. लहानपणी होऊन गेल्या असतील तर भीती नाही, पण नणंदेला आठवत नव्हतं, तिच्या आईलाही नाही. जावयांनी तोडगा काढला: तू मुलाला घेऊन घरी थांब, मी धाकटीला घेऊन जातो. ऐकायला बरोबर. पण धाकटी त्याच्याच ताटात जेवते, त्याच्याच पांघरुणात झोपते. कांजण्या लागण झाल्यापासून दहा ते एकवीस दिवसांनी बाहेर पडतात, आणि फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागतात. म्हणजे धाकटी आज ठणठणीत दिसली तरी गाठ मनाशी बांधता येत नाही. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत मुलाला कुठे नेऊ नका, आणि नणंदेने आपल्या डॉक्टरांना लगेच कळवावं, कारण मागच्या रविवारी ती या घरी जेवायला आली होती. ॲस्पिरिन देऊ नका हेही बजावलं.

तिच्या सासूबाई मात्र रागावल्या. "कांजण्या काय, सगळ्यांनाच होतात. आमच्या वेळी मुद्दाम एकत्र झोपवायचे, एकदाच होऊन जाऊ दे म्हणून." खोटं नाही ते, आमच्याकडेही झोपवायचे. विहीणबाईंशी मी फोनवर बोलले, त्या मला मोठ्या, त्यामुळे जपून बोलावं लागलं. मी म्हटलं, "ताई, पैसे गेल्याचं दुःख मलाही आहे. माझ्याकडून निम्मे घ्या." त्यावर त्या आणखीच रागावल्या. मी २०२२ च्या गोवंडीची आठवण दिली, गोवराने मुंबईसारख्या शहरात पोरं दगावली होती. त्या म्हणाल्या, हा गोवर नाहीये. तेही खरंच.

शेवटी सहाजण गेले. नणंद गेली नाही, तिची रक्ततपासणी झाली आणि पूर्वी कांजण्या होऊन गेल्याचं निघालं, म्हणजे ती गेली असती तरी चाललं असतं. हे कळल्यावर विहीणबाईंचा फोन आला नाही, पण निरोप आला, 'बघा, उगाच घाबरवलं.' जावई घरीच राहिले. लेकीने लक्ष्मीपूजनाला दार बंद ठेवूनच दिवे लावले. नातू रोज सकाळी आरशासमोर उभा राहून खपल्या मोजायचा आणि मला फोनवर आकडा सांगायचा. आठव्या दिवशी म्हणाला, आजी, एकही ओला नाही. बाराव्या दिवशी धाकटीच्या पाठीवर पहिला फोड आला.

परवा संध्याकाळी ह्यांना काजळाचं सांगितलं. ओट्यावर चहा घेत होतो. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला माहीत होतं. बाटली अर्धी झालेली मी पाहिली होती."

त्या शुक्रवारी पहाटे उधन्याच्या फलाटावर तुमच्यापैकी कुणी होतं का? तुमच्या आजीने कधी एखाद्या खोकणाऱ्या पोरीचं सांगितलं असेल, तर मला कळवा.